भासऱ्यांच्या पागोट्यातली गोळी

गुरुजी, मी मूळची रिसोडकडची. रिसोडच्या खालच्या अंगाले माझ्या बापाचा भाजीचा मळा होता, वांगे, मेथी, कांदे, बांधावर एरंडी, आणि बाजारात तागडी माझ्या हातात, कारण माय म्हणायची की गयाच्या हातचं माप कोणी दुसरीकडं नेऊन तोलत नाही. हे मी स्वतःचं कौतुक म्हणून नाही सांगत. तुमी विचारलं की रस्त्यावरच्या त्या दगडाची जी कथा लोक सांगतात त्यात खरं किती, म्हणून आधीच सांगून ठेवते की मले वाढवून सांगायची सवय नाही. लोकायले आहे. लोक सांगतात गयाबाईच्या अंगात देवी आली आणि दुपारभर बोलली. मी चार-पाच वाक्यं बोलली असंल, आणि त्यातली निम्मी धुराबद्दल होती. लोक सांगतात डॉक्टरनं चार सुया टोचल्या तरी गुण नव्हता, तो देवीनं दिला. तवापर्यंत सुई एकच टोचली होती, अर्धी पिचकारी, आणि गुण त्याच सुईचा होता. आता बसलेच आहा तर सगळं ऐका, आणि मधात हळहळू नका, मले रडू येत नाही, मले राग येते.

दमा मले बापाकडून आला. बाप धोतऱ्याची पानं वाळवून चिलमीत भरून ओढायचा. गुण येतच नव्हता असं मी म्हणणार नाही, येत होता, छाती जराशी सैल व्हायची. पण पान किती घ्यायचं याले माप नव्हतं, कोणी म्हणे चिमूटभर, कोणी म्हणे चिलीम भरून, आणि जास्त झालं की त्याच्या तोंडाले कोरड पडायची, डोळे फाकायचे, मायले ओळखायचा नाही, आणि भिंतीवरच्या मुंग्या वेचत बसायचा, अन् भिंतीवर मुंगी एक नाही. मी तवाच मनाशी धरलं की ज्या औषधाले माप नाही त्याचा भरवसा नाही. बाप दम्यानंच गेला. दवाखाना कोणाच्या डोक्यात बी आला नाही, दम्यासाठी दवाखान्यात जातात हेच आमाले माहीत नव्हतं. त्याचा मले राग नाही. जे माहीत नाही ते माणूस करंल कसं? राग मले ज्याले माहीत होतं त्याचा येते, ते पुढं येईलच.

लग्न होऊन मी मेडशीले आली. इथं बी मळाच होता, विहीर, मोट, मिरची, वांगे, आणि कोरडवाहूत तूर. घरात सासू नव्हती, सासऱ्याचं नुसतं नाव, कारभार सगळा भासऱ्यांचा, म्हणजे आमच्या घरच्यायच्या, माझ्या नवऱ्याच्या, मोठ्या भावाचा. आता भासरा म्हणजे काय ते तुमाले सांगायले नको, पण तुमी लिहून राह्यले म्हणून सांगते. भासऱ्यापुढं पदर नाकापर्यंत. त्यायच्या सावलीवर पाय पडू द्यायचा नाही. आणि बोलणं तर नाहीच. काही सांगणं अगदीच जरूर असलं तर खांबाले सांगायचं. मी म्हणायची, खांबा, पान वाढलं. ते म्हणायचे, खांबा, वरणात मीठ कमी आहे. असं आमी एका घरात खांबाच्या मारफत इतकी वर्षं काढली. त्यायले काय म्हणून हाक मारायची हे मले आजपर्यंत माहीत नाही, कारण कधी मारलीच नाही. माणूस वाईट नव्हते. व्यसन नाही, खोटं बोलणं नाही, निदान तवा नव्हतं. पण रीत म्हणजे रीत. माझी जाऊ, म्हणजे त्यायची बायको, मले पहिल्याच महिन्यात म्हणाली, बाई, एक वेळ भाकर जाळली तर चालंल, पण भासऱ्यापुढं पदर ढळला तर मी तुले ओळखत नाही. अशी बाई, आणि ओळखत होती त्या फक्त माझ्या भाकरी.

दमा मले मोठेपणी लागला, दुसऱ्या बाळंतपणानंतर. आधी सकाळी सकाळी छाती वाजायची, मग धूळ उडाली की, मग मिरची कुटताना. त्या दिवशी आमी तूर बडवत होतो. आमचे घरचे मिरची घेऊन अकोल्याले गेलेले. खळ्यावर ऊन, तुरीचं बारीक कुटार, म्हणजे भुसा, हवेत, आणि माझा श्वास आत गेला तो बाहेरच येईना. लोक म्हणतात दम्यात हवा मिळत नाही. तसं नाही, गुरुजी. हवा आत असते, जुनी, ती निघत नाही, आणि नवीनले जागा नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बोलता येत नाही. एका शब्दाले एक श्वास लागते, आणि तेवढा जवळ नसते. त्या दिवशी माझ्या डोक्यावरून ज्यायले जे सुचलं ते त्यायनं केलं, आणि प्रत्येक गोष्ट उलटी केली, आणि मी ते पाहत होती, आणि मले बोलता येत नव्हतं. तो राग अजून माझ्या छातीत आहे, दमा परवडला.

पहिलं काय केलं? मले आडवं झोपवलं. अरे, दम्याचं माणूस बसून राहते, हात गुडघ्यावर टेकून, कारण तसंच थोडंफार निघते, आणि तुमी त्याले पाठीवर निजवता? मी उठून बसली की मावशीबाई मले खांद्याले धरून पुन्हा निजवे. मावशीबाई म्हणजे माझी मावससासू, चार दिवस राह्यले आलेली, कानानं अधू, प्रेमळ, आणि तिच्या प्रेमानंच माझा जीव जात होता. पड वो माय, पड, जोर नको करू. मग गाडी जुंपली. गाडीत मऊ लागावं म्हणून काय टाकलं? तुरीचं कुटार! ज्यानं दम लागला तेच खाली अंथरलं, वरून गोधडी, आणि वारं लागू नये म्हणून गाडीच्या कमानीले दोन्हीकडून पांघरुणं बांधली. गाडी हाकायले भासरे, मागं मावशीबाई आणि मी.

दैव एवढंच की मेडशीचा बाजार होता. बाजाराच्या दिवशी वाशीमकडचे एक डॉक्टर तिथं एका दुकानाच्या ओसरीत बसायचे. गाडी त्यायच्यापुढं उभी राह्यली. डॉक्टर गाडीवर चढले आणि पहिलं काम म्हणजे ती पांघरुणं ओढून खाली फेकली, आणि मले धरून बसवलं. कोणी निजवलं हिले, म्हणाले, मारायची आहे काय? मग काचेची एवढीशी कुपी फोडली, पिचकारीत अर्धा सीसी घेतलं, मले दिसत होतं, रेघेवर डोळा ठेवून घेतलं, थेंब जास्त नाही, आणि दंडाच्या कातडीखाली टोचलं. त्या औषधाचं नाव मी मागाहून विचारून पाठ केलं, ॲड्रिनलिन. गुरुजी, बाजारात दोन भाज्यायचा सौदा व्हायले जेवढा वेळ लागते तेवढ्यात माझा श्वास बाहेर निघाला. पूर्ण नाही, पण निघाला. मी एक अख्खं वाक्य बोलली. मी म्हटलं, मले बसवूनच न्या.

डॉक्टरनं मग सगळं नीट सांगितलं. पण कोणाले? भासऱ्यांले, गाडीच्या खाली उभं राहून, पुरुष माणूस म्हणून. मी वर बसून ऐकून राह्यली होती. म्हणाले, या औषधाचा गुण टिकत नाही, उतरला की दम पुन्हा लागंल, म्हणून थांबू नका, वाशीमच्या दवाखान्यात न्या. हिचे हात थरथरतील, काळीज धडधडंल, अंग कापंल, ते औषधाचंच आहे, भिऊ नका. धूर, धूळ जवळ येऊ देऊ नका. आणि या दोन गोळ्या, एफेड्रीन, वाटेत छाती आवळायले लागली की लगेच एक द्या, पण गुण यायची वाट पाहत थांबू नका, गोळी हळू चालते. भासऱ्यांनी मान डोलावली, पुडी घेतली, पागोट्याच्या पदरात खोवली आणि पागोटं घट्ट केलं.

आता पाहा. मी मागं बसलेली. त्यायनं फिरून म्हणावं, बाई, ही घे पुडी. झालं. पण भावजयीच्या हातात हात देणार कसा? मावशीबाईले द्यावी, तर तिले ऐकू येत नाही, मोठ्यानं बोलावं तर मी मध्ये. मग त्यायनं काय केलं माहीत आहे? गाडी हाकता हाकता बैलाले सांगितलं. ढवळ्या, अंग कापंल म्हणते डॉक्टर, भ्यायचं नाही. ढवळ्या, गोळी माझ्याजवळ आहे. हसा, हसा. मी बी आता हसते. तवा माझ्या जिवाचा निरोप बैलाच्या कानात चालला होता.

मेडशी सोडून थोडंच पुढं, लिंबाच्या झाडाजवळ, माझं अंग कापायले लागलं. डॉक्टरनं सांगितलं होतं तसंच. हात थरथर, बांगड्या आपोआप वाजून राह्यल्या, काळीज असं की उखळात मुसळ. मावशीबाईनं ते पाहिलं आणि ओरडली, थांबव रे गाडी, आली वो माय, आली! रस्त्यानं मेडशीच्या बाजारातून परत जाणारे बायामाणसं होते, ते धावले. मी म्हटलं, मावशी, देवी नाही, सुईचं आहे. मावशीबाईले ऐकू गेलं नाही, आणि एक दुसरी बाई म्हणाली, देवी काय पहिल्यांदाच आपलं नाव सांगते? कोणी कुंकू काढलं. कोणी बाजारातून आणलेला ऊद सोडला. पलीकडच्या वावरात कोणी काडीकचरा पेटवला होता, तिथून विस्तव आणला. गाडीच्या कमानीखाली, माझ्या तोंडासमोर, ऊद.

मी म्हटलं, ऊद विझवा. देवी कोपली, म्हणाले, आणि आणखी टाकला. मी म्हटलं, मी गया आहे, मले धूर चालत नाही. तर एक बुढा हात जोडून विचारते, मग आई, तुले काय चालते, कोंबडं की नारळ?

ते अडाणी लोक होते, रस्त्यानं चालले होते, त्यायले डॉक्टरचं बोलणं माहीत नव्हतं. त्यायच्यावर माझा राग अर्धाच आहे. पण भासरे? ते गाडीवरून उतरले, माझ्यासमोर आले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यायनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मले वाटलं, आता सांगतील. ज्या कानानं डॉक्टरचं ऐकलं ते कान त्याच डोक्याले होते. आणि त्यायनं हात जोडले. म्हणाले, आई, विहिरीच्या पाण्याचा चुलतभावाशी वाद आहे, तो आमच्या बाजूनं सुटंल काय?

गुरुजी, समजलं का तुमाले? भावजयीशी बोलता येत नव्हतं. देवीशी येत होतं.

माझी छाती पुन्हा आवळत चालली होती, आतून शिट्टी वाजत होती, डोळ्यापुढं काळं. मी गाडीतून खाली उतरली, म्हणजे घसरलीच. लोकायनं वाट दिली, आणि भासरे माझ्या पायावर वाकले. पागोटं माझ्या हाताच्या खाली आलं. मी ते उचललं. भर रस्त्यात, एवढ्या लोकायसमोर, भासऱ्यांच्या डोक्यावरचं पागोटं मी दोन्ही हातांनी उचललं, त्याचा पदर सोडला, पुडी काढली, आणि गाडीतल्या तांब्याच्या पाण्यासंगं एक गोळी गिळली. मग गाडीच्या पुढच्या अंगाले, हाकणाऱ्याच्या जागेजवळ, उघड्यावर जाऊन बसली. आणि म्हटलं, हाका. ते बोडक्या डोक्यानं गाडीवर चढले.

गोळीनं लगेच काही झालं नाही, खोटं कायले सांगू. आधी जे बरं वाटलं ते धुरातून बाहेर आल्याचं आणि बसून राह्यल्याचं. गोळीचा गुण पुढं मालेगावच्या वाटेवर जाणवायले लागला. तरी वाशीमले पोचतापर्यंत ओठ काळेनिळे झाले होते असं तिथल्या नर्सबाईनं सांगितलं. पुन्हा सुई दिली, ठेवून घेतलं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, हिच्या लुगड्याले उदाचा वास काहून येते? भासरे दाराकडं पाहून म्हणाले, देवाचं होतं थोडं. दाराकडं! दवाखान्यात खांब नव्हता.

मी बरी होऊन घरी आली तवा गावात दोनच गोष्टी चालू होत्या. एक, देवी आली. दोन, पागोटं. जाऊ म्हणाली, असं कोणत्या घरात झालं नाही वो, भर रस्त्यात भासऱ्याले बोडकं केलं हिनं. आमचे घरचे अकोल्याहून आले होते, त्यायले मी सगळं सांगितलं, जसं तुमाले सांगून राह्यली तसं. ते म्हणाले, खरं असंल, पण गप राहा, घर टिकते. मग चार जाणते बसले आणि त्यायनं मार्ग काढला. भावजयीनं भासऱ्याचं पागोटं काढलं म्हटलं तर घराची अब्रू जाते. देवीनं काढलं म्हटलं तर घराचं भाग्य. मग काय, देवीनंच काढलं. लिंबाखाली एक दगड बसवला, शेंदूर फासला, भासऱ्यांनी स्वतः नारळ फोडला. त्या दगडाखाली देवी नाही, गुरुजी. एका माणसाची लाज आहे.

एवढ्यावर मिटलं असतं तर मी बी गप राह्यली असती. दगड तर दगड, गावात काय कमी आहेत? पण लोक म्हणायले लागले, ही दम्याची देवी. इथं ऊद दाखवला की दम उतरते. मग गाड्या यायले लागल्या. दम लागलेल्या माणसाले ज्या धुरापासून शंभर हात लांब न्यायचं, त्याच धुरात आणून निजवायले लागले.

आमच्या पलीकडच्या खेड्यातली सुताराची सून, तिशीची बी नसंल. तिची गाडी मेडशीच्या बाजारातून गेली, बाजाराच्याच दिवशी, डॉक्टर ओसरीत बसलेले होते, आणि त्यायच्या पुढून गाडी गेली, दगडाकडं. मले कोणी येऊन सांगितलं, मी पळत निघाली, म्हणजे माझ्यानं जेवढं पळवते तेवढी. मी पोचली तवा ऊद चालूच होता. ती पाठीवर निजलेली होती. ओठ निळे, डोळे उघडे, आणि तिची सासू म्हणून राह्यली, आई, घे वो घे, आणखी टाकते. मी तो ऊद लाथेनं उडवला. तिले बसवलं. उशीर झाला होता. बसवल्यावर मान माझ्या खांद्यावर पडली.

त्याच पावली मी घरी गेली. भासरे ओसरीवर बसले होते, दिवस बराच वर होता, शेजारपाजार जागेवर होता, आणि मी पदर घेतला नाही, आणि खांबाशी बोलली नाही. मी त्यायच्यासमोर उभी राहून म्हटलं, तुमी. तुमाले म्हणते. सुताराची सून गेली. तुमाले माहीत होतं अंग कापते ते सुईनं, तुमाले डॉक्टरनं सांगितलं होतं धूर नको, गोळी तुमच्या पागोट्यात होती. हे उद्या लोकायले सांगा. दगड मोडू नका, मोडा म्हणत नाही, फक्त सांगा की गोळी होती.

सगळी गल्ली ऐकून राह्यली होती. भासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. खांबाकडं पाहून म्हणाले, खांबा, आता देवस्थान झालं, लोकायची श्रद्धा आहे, काही सांगता येत नाही. आणि उठून आत गेले. आमचे घरचे उठून गोठ्याकडं गेले. जाऊ म्हणाली, अंगात आलं वाटते पुन्हा. मी म्हटलं, हाव बाई, आलं. आता जात नाही.

तवापासून मी वेगळी चूल केली आणि बाजाराच्या दिवशी भाजीची पाटी घेऊन त्या दगडाजवळच बसते. मेडशीच्या बाजारात धंदा जास्त होईल, मले समजते, मले हिशेब येते. पण मी तिथंच बसते. लोकायले वाटते मी देवीची पुजारीण. येतात, पाया पडतात, मी पाय मागं घेते. गोळ्या माझ्याजवळ असतात, पण त्या मी कोणाले देत नाही. डॉक्टरनं मले बजावलं आहे, तुझं माप तुझ्यासाठी, दुसऱ्याच्या काळजाले ते सोसंल की नाही हे तुले माहीत नाही, आणि ते मले पटलं आहे. मी फक्त एवढंच करते की गाडी आली की तिले आडवी जाते. पांघरुणं सोडते. माणसाले बसवते. खालचं कुटार काढून फेकते. ऊद काढला की हातातून घेते. आणि म्हणते, मेडशीले डॉक्टर असतील तर मागं फिरा, नसतील तर वाशीम, थांबू नका. शिव्या खाते. एकानं चाबूक उगारला. एक बाई म्हणाली, हिलेच गुण आला आणि आता दुसऱ्याले येऊ देत नाही, जळकी आहे. काही ऐकतात, काही नाही. जे ऐकत नाहीत त्यायच्यासमोर मी बसून राहते आणि पाहते, कारण मी पाहिलं हे त्यायले माहीत पाहिजे.

मागं एका बाजाराले एक गाडी आली. मेडशीकडूनच आली, पण त्या दिवशी डॉक्टर बसले नव्हते. आत एक धिप्पाड माणूस, तोंडावर घाम, खांदे कानाशी चढलेले, आणि संगं त्याची बायको. ती उतरून म्हणाली, बाई, दम्याची देवी हीच का? मी म्हटलं, इथं देवी नाही, दगड आहे. तो गाडीवाला आतल्या माणसाले म्हणाला, काका, ही येडी आहे, तुमी उतरा. मी त्या बाईचा दंड धरला आणि म्हटलं, माझ्याकडं पाहा. मी तीच आहे. माझ्याच अंगात आली म्हणतात. आली नव्हती. सुई होती. तुझ्या नवऱ्यालेही सुई आहे, वाशीमले आहे, इथं नाही.  तिनं आपल्या हातातला ऊद रस्त्याच्या कडेले टाकला आणि गाडीवाल्याले म्हणाली, हाक.

मी त्याले बसवलं, पाठीले पोतं लावलं, कमान उघडी केली. गाडी गेली. पोचली का, मले माहीत नाही. वाशीमले त्यायले औषध मिळालं का, तो माणूस बसून राह्यला की वाटेत पुन्हा कोणी निजवला, मले कोणी येऊन सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही, बरं झालेलं माणूस मागं फिरून या रस्त्यानं कायले येईल? दर बाजाराले मी गाड्या पाहते, तेच बैल दिसतात का म्हणून. दिसले नाहीत. पोचला असंल, असं मी धरते. देव त्याची छाती मोकळी ठेवो, आणि तुमची बी, गुरुजी. आता उठा, मले पाटी भरायची आहे, उद्या बाजार आहे.